बहुसांस्कृतिक कार्यगटांचे नेतृत्व

भिन्न भाषा, भिन्न चालीरीती, कामाच्या भिन्न सवयी व अधिकाराविषयीच्या भिन्न कल्पना असलेल्या व्यक्तींनी समान उद्दिष्टासाठी एकत्र येऊन बनविलेल्या गटास बहुसांस्कृतिक कार्यगट म्हणतात. अशा गटाकडून ते उद्दिष्ट सर्वांच्या सहभागाने साध्य करून घेणे, हे त्याच्या नेतृत्वाचे कार्य होय. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुराष्ट्रीय उद्योगसंस्थांचा विस्तार झपाट्याने झाला व निरनिराळ्या देशांतील अधिकारी, तंत्रज्ञ व कामगार यांना एकाच कामावर योजण्याची गरज निर्माण झाली. त्यातून हा विषय आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाची एक शाखा म्हणून विकसित झाला. तथापि राष्ट्राची सीमा ओलांडल्यावरच हा प्रश्न उद्‌भवतो, असे नाही. भारतात तो एका जिल्ह्यात, किंबहुना एका दवाखान्यातही उद्‌भवतो. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत १९५० नंतर समाजसेवा, आरोग्य व वनव्यवस्थापन या क्षेत्रांत जे प्रयत्न झाले, त्यांवरून या विषयाची मूलतत्त्वे स्पष्ट करता येतात.

संकल्पनेचा विकास : अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल (१९१४–२००९) याने संस्कृतींचे संदर्भबहुल व संदर्भविरल असे दोन प्रकार कल्पिले. पहिल्या प्रकारच्या संस्कृतीत आशयाचा मोठा भाग प्रसंग, नाते व मौन यांतून व्यक्त होतो. दुसऱ्या प्रकारात तो शब्दांतच सांगितला जातो. डच अभ्यासक हेर्ट होफस्टेड (१९२८–२०२०) याने आयबीएम या संगणक कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे विश्लेषण करून १९८० मध्ये सत्ता-अंतर, अनिश्चितता-परिहार, व्यक्तिवाद–समूहवाद व पुरुषी–स्त्रैण मूल्ये अशी चार परिमाणे मांडली. रॉबर्ट हाउस व त्याचे सहकारी यांनी ‘ग्लोब’ या प्रकल्पात ६२ समाजांतील नेतृत्वविषयक अपेक्षांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. भारतीय मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये कार्यनिष्ठ परंतु वत्सल अशा नेत्याची कल्पना मांडली. भारतीय परिस्थितीत सहकाऱ्यांची आस्थेने काळजी घेणारा, पण कामाविषयी आग्रही असणारा नेता अधिक परिणामकारक ठरतो व सहकारी तयार होत जातील तसतसे त्याने त्यांना सहभागी करून घ्यावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. क्रिस्टोफर अर्ली व सून आंग यांनी २००३ मध्ये ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ ही संज्ञा विशद केली. अपरिचित संस्कृतीत योग्य वर्तन करण्याची क्षमता शिकून वाढविता येते, असे ती सूचित करते.

या उपपत्तींतील एक उणीव अशी, की त्यांपैकी बहुतेकींत राष्ट्र किंवा समाज हे मोजमापाचे एकक धरलेले असते. एका राष्ट्राची सरासरी काढली, की त्यातील लहान समाज दिसेनासे होतात. शिवाय गटातील सदस्य परस्परांहून केवळ भिन्न नसतात. त्यांची सत्ताही असमान असते. ज्याची भाषा कार्यालयात चालते त्याला भिन्नतेची किंमत द्यावी लागत नाही. ती ज्याची भाषा तेथे चालत नाही, त्याच्याकडून वसूल होते. म्हणून जुळवून घेण्याचा भार गटातील कोणी उचलावयाचा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

चंद्रपूर–गडचिरोली प्रदेश : पूर्वीच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. मराठी ही प्रशासनाची भाषा असली, तरी गोंडी व माडिया या द्राविडी कुलातील बोली मोठ्या प्रदेशात बोलल्या जातात [⟶ गोंड]. सिरोंचा भागात तेलुगू, कोरची-कुरखेडा भागात छत्तीसगढी, तर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाल्यामुळे चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांच्या काही गावांत बंगाली प्रचलित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील दगडी कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी (स्थापना १९४५), औष्णिक विद्युत् केंद्र व भद्रावतीचा आयुधनिर्माण कारखाना यांमुळे इतर प्रांतांतील कामगारवर्गही येथे आला. अशा प्रदेशात बाहेरून येणारा डॉक्टर, अभियंता, वनाधिकारी वा शिक्षक हा, एकाच देशाचा नागरिक असूनही, व्यवहारतः परदेशस्थ अधिकाऱ्याच्याच स्थितीत असतो.

समान श्रम : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट याने १९५४ मध्ये असे दाखविले, की भिन्न गटांतील माणसे केवळ एकत्र आणल्याने पूर्वग्रह नाहीसे होत नाहीत, त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य व संस्थेचे पाठबळ या चार अटी पूर्ण व्हाव्या लागतात. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी वरोड्याजवळ उभारलेल्या आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत याचा प्रत्यय आला. प्येर सेरेझोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे स्वयंसेवक १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात मदतकार्यासाठी आले होते. १९५० नंतरच्या दशकात याच संघटनेच्या निरनिराळ्या देशांतील तरुणांनी आनंदवनात राहून तेथील कुष्ठरोगमुक्तांच्या बरोबरीने बांधकाम केले. त्या काळी समाज ज्यांच्या सावलीसही भीत असे, त्यांच्यासमवेत परदेशी तरुण विटा वाहत होते. पुढे मूलजवळच्या सोमनाथ येथे भरू लागलेल्या श्रमसंस्कार छावणीमागेही हीच दृष्टी होती. भाषा समान नसतानाही काम समान असू शकते व त्या कामात कोणी पाहुणा नसतो, हे या प्रयोगांचे सार होय.

भाषा व मौन : भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश व मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य व त्यांचे सहकारी यांना तेथील माडिया लोकांची बोली अवगत नव्हती. त्यांनी लोकांकडून एकेक शब्द ऐकून ती आत्मसात केली. याचा परिणाम केवळ संभाषणाच्या सोयीपुरता मर्यादित नव्हता. रुग्णाची भाषा शिकणारा डॉक्टर काही काळ तरी त्याचा विद्यार्थी होतो. चुकतो, हसला जातो व त्यायोगे त्याच्या अधिकाराची धार कमी होते. प्रारंभी लोक दवाखान्यात येत नसत. अंगात ताप असला तरी ते पुजाऱ्याकडे जात. पुजाऱ्याशी संघर्ष न करता व त्याची निंदा न करता उपचार चालू ठेवल्यानेच हळूहळू विश्वास निर्माण झाला. १९७६ मध्ये तेथे निवासी शाळा निघाली व तिच्यात शिकलेली काही मुले पुढे डॉक्टर व शिक्षक झाली. बाहेरून आलेल्यांच्या गटाचे रूपांतर अशा रीतीने मिश्र गटात झाले. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये समाजनेतृत्वासाठी मागसायसाय पुरस्कार देण्यात आला.

भाषा येणे पुरेसे नसते. न बोललेलेही समजावे लागते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हिआंका कंपनीचे विमान इंधन संपल्यामुळे न्यूयॉर्कनजीक कोसळले व ७३ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी इंधन कमी असल्याचे व आपणास प्राधान्य हवे असल्याचे कळविले होते. पण ‘आणीबाणी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही व नियंत्रकांनीही तो विचारून घेतला नाही. सौम्य शब्दांत केलेली विनंती दुसऱ्या बाजूस संकटाची सूचना वाटली नाही. कनिष्ठाने वरिष्ठापुढे मान हलविली, की वरिष्ठ त्यास संमती समजतो. प्रत्यक्षात तो केवळ शिष्टाचार असू शकतो. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला व १९८९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्यांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. तक्रार नाही म्हणून रोग नाही, हा आरोग्ययंत्रणेचा समज किती चुकीचा होता, हे त्यावरून दिसून आले. नेत्याने मौनाचा अर्थ गृहीत धरू नये, तर ज्याच्यापाशी ते मोडणे शक्य होईल अशी व्यक्ती, स्थळ व वेळ निर्माण करावी, हे या दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य होय.

साधने व कार्यपद्धती : गटातील सदस्यांना कार्यपद्धतीनुसार घडवावयाचे की कार्यपद्धती सदस्यांनुसार बदलावयाची, असे दोन पर्याय व्यवस्थापकापुढे असतात. बहुतेक संस्था पहिला पर्याय निवडतात व त्यास प्रशिक्षण असे नाव देतात. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या कार्यात दुसऱ्या पर्यायाची ठळक उदाहरणे आढळतात. रुग्णालय कसे असावे, असे आदिवासींना विचारले असता मोठ्या इमारतींची व पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, तसेच रुग्णास नातेवाइकांपासून दूर ठेवले जाते, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे रुग्णालय झोपड्यांच्या रूपात बांधण्यात आले, नातेवाइकांना रुग्णासोबत राहण्याची सोय करण्यात आली व त्यास दंतेश्वरी या देवीचे नाव देण्यात आले.

दुसरे उदाहरण साधनाचे आहे. बालकांच्या न्यूमोनियाचे निदान श्वसनाच्या वेगावरून करता येते. त्यासाठी मिनिटभर श्वास मोजावे लागतात. गावातील अनेक सुईणी निरक्षर होत्या व त्यांना मोठ्या संख्येपर्यंत मोजता येत नसे. त्यांना अपात्र ठरविण्याऐवजी एका मिनिटाची वाळूची घटिका व मण्यांच्या रांगा असलेले एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास मोजले, की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर बालकास न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. सुईणीची उणीव म्हणून जी पाहिली जात होती, ती वस्तुतः साधनाची उणीव होती.

तिसरे उदाहरण अधिकाराच्या विभागणीचे आहे. नवजात अर्भकाच्या जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे लागते व ते देण्याचा अधिकार वैद्यकीय परंपरेने डॉक्टरांकडे राखून ठेवलेला होता. दुर्गम गावात, विशेषतः पावसाळ्यात रस्ते बंद पडल्यावर, डॉक्टर पोहोचेपर्यंत अर्भक दगावत असे. ‘सर्च’ने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमले व घरोघरी जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेण्याबरोबरच इंजेक्शन देण्याचे कामही त्यांच्याकडे सोपविले. ३९ गावांत ही सेवा देण्यात आली व तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात अर्भकांसाठी गृहभेटींची संयुक्तपणे शिफारस केली व भारत सरकारने २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत अशी योजना देशभर राबविण्यास प्रारंभ केला. येथे तज्ञाने स्थानिक सदस्यास केवळ दुभाषा न मानता त्याच्याकडे व्यावसायिक अधिकार सुपूर्त केला, हे महत्त्वाचे आहे.

निर्णयपद्धती : धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे लोकवस्तीचे गोंड गाव. बाहेरील अभ्यासक, शासकीय अधिकारी व स्वयंसेवक यांच्याशी सतत संबंध येत असतानाही या गावाने निर्णयाचा अधिकार स्वतःकडे ठेवला. त्यासाठी त्याने अभ्यास व निर्णय यांची फारकत केली. अभ्यासगटात गावकऱ्यांबरोबर बाहेरचे तज्ञही सहभागी होतात. तेथे माहिती, कायदा व पर्याय यांची चर्चा होते, परंतु निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असल्यास विषय लांबणीवर टाकला जातो. बाहेरच्या तज्ञाचे ज्ञान गावास उपलब्ध होते. त्याचे वजन मात्र निर्णयावर पडत नाही.

या पद्धतीत वेळ अधिक लागतो, अशी टीका होते. जपानी उद्योगसंस्थांतील ‘रिंगी’ पद्धतीवरही, म्हणजे प्रस्ताव खालून वर फिरवून सर्वांची संमती मिळविण्याच्या पद्धतीवरही, पाश्चात्त्य व्यवस्थापकांनी हाच आक्षेप घेतला होता. अशा पद्धतीत निर्णयास विलंब लागला, तरी अंमलबजावणीच्या वेळी कोणी मागे राहत नाही, हा तिचा फायदा होय. मेंढ्याच्या बाबतीत तो दिसून आला. या भागातील वनांतला बांबू पूर्वी बल्लारपूरच्या कागद गिरणीस भाडेपट्ट्याने दिला जात असे. वनहक्क कायदा (२००६) अंमलात आल्यावर मेंढ्यास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला व ती बांबूची विक्री स्वतः करू लागली.

औद्योगिक कार्यगट : खाण व कारखाना यांतील कार्यगटांत प्रश्नाचे स्वरूप काहीसे निराळे असते. तेथे भिन्न भाषिक कामगार अनेकदा ठेकेदारांमार्फत, आपापल्या गावच्या टोळ्यांनी येतात. त्यामुळे भाषा, गाव, कामाचा प्रकार व वेतनाची श्रेणी या सर्व भेदांच्या रेषा एकाच ठिकाणी जुळतात. अशा जुळलेल्या रेषांना डोरा लाउ व कीथ मर्निघन यांनी १९९८ मध्ये भूकवचातील विभंगाची उपमा दिली आहे. एरवी त्या दिसत नाहीत. ताण आला, की गट नेमका तेथेच दुभंगतो. त्यावर उपाय म्हणजे पाळ्या व पथके यांची रचना अशी करणे, की एका बाबतीत भिन्न असलेले दुसऱ्या बाबतीत एकत्र येतील. धोक्याच्या कामांत सुरक्षेच्या सूचना प्रत्येकाच्या भाषेत देणे व त्या ऐकणाऱ्याकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेणे आवश्यक असते; केवळ ‘समजले का?’ असे विचारल्यास होकारच मिळतो. कामाचे वेळापत्रकही संस्कृतिसापेक्ष असते. मोहफुले व तेंदूपाने यांचा हंगाम, शेतीची कामे, तसेच नवे पीक वा फळ खाण्यापूर्वी साजरा होणारा ‘पंडुम’ हा सण या काळात स्थानिक कामगार अनुपस्थित राहतात. कार्यालय यास बेशिस्त मानते. परंतु वनोपजाच्या थोड्या आठवड्यांच्या मिळकतीवर कुटुंबाचे अनेक महिने अवलंबून असतात, हे ध्यानात घेऊन आखलेले वेळापत्रक दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

मर्यादा : वरील प्रयोगांचे अनुकरण करताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे मध्यस्थावरील अवलंबन. दोन्ही भाषा जाणणारी एखादीच व्यक्ती गटात असल्यास सर्व माहिती तिच्यामार्फत जाते व तिच्या हाती मोठी, परंतु अदृश्य सत्ता एकवटते. दुसरी म्हणजे पालकत्वाची वृत्ती. वत्सल नेता सहकाऱ्यांची काळजी घेता घेता त्यांच्या वतीने निर्णयही घेऊ लागतो व त्याच्या पश्चात गटास पुढारी सापडत नाही. तिसरी म्हणजे संस्कृतीस गोठलेली वस्तू मानण्याची चूक. गोंड वा माडिया समाजातही वय, लिंग व शिक्षण यांनुसार मतभेद असतात. सर्वसहमतीतही वडीलधाऱ्यांपुढे तरुण वा स्त्रिया गप्प राहिल्याची शक्यता असते. म्हणून परंपरेचा आदर करणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक रूढी मान्य करणे नव्हे. चौथी म्हणजे मोजमापाची अडचण. उत्पादन, खर्च व वेळ यांची मोजदाद सहज होते. परंतु दुर्बल सदस्यास नकार देता येतो किंवा नाही, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. बहुसांस्कृतिक गटाच्या नेतृत्वाचे मूल्यमापन मुख्यतः याच कसोटीवर करावे लागते. कारण ज्या गटात नकार शक्य नाही, तेथील होकारावर विसंबून कोणतेही काम दीर्घकाळ टिकत नाही.